सर्किटचे टर्बो इंजिन: आधी उष्णतेचा हिशेब, मग अश्वशक्तीचा

डायनोच्या, म्हणजे इंजिनाची शक्ती मोजणाऱ्या यंत्राच्या, कागदावर ३५० अश्वशक्तीचा आकडा उमटवणे आज फारसे अवघड राहिलेले नाही. हवा दाबून इंजिनात भरणारा बेताचा टर्बो, मोठे इंजेक्टर आणि इसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) नकाशा नीट बसवणारा जाणकार मिळाला, की पावणेदोन-दोन लिटरचे पेट्रोल इंजिन दहा-बारा सेकंदांच्या एका धावेत तेवढी शक्ती दाखवून देते. सर्किटवर, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर, मात्र त्याच इंजिनाला वीस-पंचवीस मिनिटे श्वास घ्यायला उसंत मिळत नाही. वळण संपले की पुन्हा पूर्ण थ्रॉटल, पुढच्या वळणाला जोरदार ब्रेक आणि डाव्या-उजव्या बाजूला सतत ढकलले जाणारे तेल. म्हणून सर्किटसाठी इंजिन बांधताना मी शक्तीच्या आकड्यापासून सुरुवात करत नाही. तेवढ्या शक्तीबरोबर जी उष्णता निर्माण होणार आहे, ती कोणत्या वाटेने बाहेर काढायची आणि त्या काळात बेअरिंगपर्यंत तेल कसे पोहोचवत राहायचे, या दोन प्रश्नांपासून करतो. मराठवाड्याच्या उन्हात राहणाऱ्याला हे दोन्ही प्रश्न टाळता येत नाहीत, आणि माझ्या मते ते आपल्या फायद्याचेच आहे.

हिशेब सरळ आहे. ३५० अश्वशक्ती म्हणजे क्रँकवर (पिस्टनांची शक्ती बाहेर देणाऱ्या मुख्य दांड्यावर) सुमारे २५७ किलोवॅट. त्यासाठी या आकाराच्या टर्बो इंजिनाला मिनिटाला साधारण १६ किलो हवा आणि सव्वा किलोहून थोडे अधिक, म्हणजे पावणेदोन लिटरच्या आसपास पेट्रोल लागते. एवढ्या पेट्रोलातून मिळणारी ऊर्जा काढली, तर ती ९५० किलोवॅटच्या पुढे जाते. म्हणजे चाकांकडे पाठवलेल्या प्रत्येक किलोवॅटमागे जवळजवळ पावणेतीन किलोवॅटची विल्हेवाट लावायची असते. त्यातला मोठा भाग एक्झॉस्टमधून जातो आणि जाता जाता टर्बाइन फिरवतो, थोडे इंधन श्रीमंत, म्हणजे हवेच्या मानाने जास्त पेट्रोलच्या, मिश्रणामुळे पुरते जळतच नाही, आणि उरलेली उष्णता पाणी, तेल आणि दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर यांच्या माथी येते. रस्त्यावरच्या गाडीत हा ताण क्षणभराचा असतो. सर्किटवर तो कायमचा धरूनच नळ्या, कूलर आणि पंप निवडावे लागतात.

इंजिन निवडताना गावाचा मोह झाला, हे मोकळेपणाने सांगतो. स्कोडाने २००१ साली छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत कारखाना सुरू केला आणि तिथून ऑक्टाव्हिया बाहेर पडू लागली. पुढे आलेल्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये १७८१ सीसीचे, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेले, १५० अश्वशक्तीचे टर्बो इंजिन होते. ८१ मिलीमीटर बोअर, ८६.४ मिलीमीटर स्ट्रोक, बिडाचा जाड ब्लॉक, पिस्टनच्या तळावर तेल उडवणारे जेट आणि सोडियम भरलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. कारखान्याने हे इंजिन बेताच्या शक्तीचे ठेवले, पण त्याचा सांगाडा पुष्कळ अधिक सोसणारा केला. आज भंगारात गेलेल्या गाड्यांमधून असे ब्लॉक अजून मिळतात आणि या शहरात त्यांची नस ओळखणारे हात आहेत. एकच सूचना: ब्लॉक विकत घेण्याआधी आपल्या वर्गाचे नियम वाचावेत. एफआयए या मोटारस्पर्धांच्या जागतिक संघटनेच्या नियमांत पेट्रोल टर्बो इंजिनाची क्षमता १.७ ने गुणून धरण्याची पद्धत आहे. त्यामुळे १७८१ सीसीचे हे इंजिन कागदावर ३०२८ सीसीचे ठरते, आणि बोअर वाढवून ८२ मिलीमीटर केला की १८२५ सीसीचे होऊन ३१०० च्या पुढे जाते. ज्या स्पर्धेत अशी पद्धत लागू असेल तिथे बोअर वाढवण्यापूर्वी हा गुणाकार करून पाहावा.

आता खालच्या बांधणीकडे येतो. या इंजिनाचे मूळ कनेक्टिंग रॉड बारीक आहेत आणि सुमारे ४०० न्यूटन-मीटरच्या पलीकडे ते वाकू लागतात, असा जगभरच्या बांधणाऱ्यांचा अनुभव आहे. इथे शक्ती आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) यांच्यातला फरक नीट समजून घ्यायला हवा. ३५० अश्वशक्ती मिनिटाला ७००० फेऱ्यांवर काढली, तर क्रँकवर ३५० न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. तीच शक्ती ५००० फेऱ्यांवर मागितली, तर ४९० न्यूटन-मीटर लागतात. रॉडला दाबून वाकवतो तो टॉर्क, म्हणजे सिलिंडरमधला दाब. रॉडचे बोल्ट ताणून तोडतो तो वेग. ७५०० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २१.६ मीटर असतो, आणि वरच्या टोकाला पिस्टन थांबून उलटा फिरतो त्या क्षणी त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या साडेतीन हजार पट त्वरण येते. पिस्टन, पिन आणि रॉडचा वरचा भाग मिळून अर्धा किलो धरला, तरी ही ओढ पावणेदोन टनांच्या घरात जाते, आणि ती प्रत्येक फेरीला येते. म्हणून मी फोर्ज केलेले एच-बीम रॉड घेतले, बोल्ट उत्तम प्रतीचे घेतले, आणि ते पान्याच्या आकड्यावर विसंबून न आवळता बोल्ट प्रत्यक्ष किती ताणला गेला ते गेजने मोजून आवळले. तेलाचा हात किती लागला यावर पान्याचा आकडा बदलतो. बोल्टचा मोजलेला ताण त्यावर बदलत नाही.

पिस्टन २६१८ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आहेत. ४०३२ या दुसऱ्या मिश्रधातूत सिलिकॉन अधिक असते, म्हणून तो कमी फुगतो, सिलिंडरमध्ये घट्ट बसवता येतो आणि थंड इंजिनात आवाज करत नाही. २६१८ अधिक फुगतो, त्याला भिंतीपासून जास्त अंतर द्यावे लागते आणि सकाळी इंजिन सुरू केल्यावर पिस्टन खडखडतो. पण नॉकिंगचा, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन अनियंत्रितपणे भडकल्याचा, एखादा धक्का बसला, तर तो तडकत नाही. सर्किटच्या गाडीत सकाळच्या आवाजाला किंमत नाही. वरच्या रिंगचे टोक-अंतर ८२ मिलीमीटर बोअरला ०.४५ मिलीमीटर ठेवले आहे आणि दुसऱ्या रिंगचे त्याहून किंचित अधिक, कारण पूर्ण ताणात रिंग फुगून तिची टोके एकमेकांना भिडली, तर ती भिंत खरवडते किंवा पिस्टनचा कडा उचकटते. बेअरिंगचे अंतर ०.०५ मिलीमीटरच्या आसपास आहे.

हे सगळे अंक कागदावर लिहिणे सोपे. ते ब्लॉकमध्ये उतरवायला माणूस लागतो. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत १९८५ साली बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग करणाऱ्या छोट्या-मोठ्या वर्कशॉपची रांगच उभी राहिली. शेतकरी घरातली मुले आयटीआय करून इथे टर्नर, फिटर, ग्राइंडर झाली, आणि मायक्रॉनमध्ये विचार करणारी एक पिढी मराठवाड्यात तयार झाली. शर्यतीचे इंजिन बांधायला परदेशीच जावे लागते असे ज्यांना वाटते, त्यांनी या शेडमध्ये एक दुपार घालवावी. माझा ब्लॉक ज्यांनी होन केला, म्हणजे सिलिंडर आतून घासून मापात आणले, त्यांना सगळी ओळ मामा म्हणते. बोअरचे माप सांगायला मी तोंड उघडले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘बाबा, हेड आवळल्यावर भोक गोल राहतंय का, ते आधी बघितलंस का?’ प्रश्न अगदी मुळावर होता. हेडचे स्टड आवळले, की सिलिंडरची भिंत काही मायक्रॉन ओढली जाते आणि मोकळ्या ब्लॉकमध्ये गोल केलेला बोअर बांधलेल्या इंजिनात गोल उरत नाही. म्हणून मामांनी हेडच्या जागी बसणारी जाड पोलादी टॉर्क प्लेट करून घेतली, तेच स्टड आणि तीच गॅस्केट वापरून ती शेवटच्या मापाने आवळली, आणि त्या ताणातच होनिंग केले. डेकची, म्हणजे ब्लॉकच्या वरच्या सपाट तोंडाची, घिसाई त्यांनी अशी काढली, की धातूच्या अनेक थरांची गॅस्केट अंगासरशी बसेल. दाब अडवण्याचे काम तिथे गॅस्केटइतकेच त्या पृष्ठभागाचे असते.

टर्बोच्या निवडीत आपल्या भूगोलाचा थेट संबंध येतो. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे आणि इथे हवेचा दाब १०१ किलोपास्कलऐवजी ९५ च्या आसपास असतो. मला मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या वाटेत, एकूण २४० किलोपास्कल दाब हवा आहे. तो मिळवायला चेन्नईत टर्बोच्या कॉम्प्रेसरने हवा २.३७ पट दाबली तरी चालते, इथे २.५३ पट दाबावी लागते. शिवाय मे महिन्यात हवाच ४२ अंशांची असते. बहात्तर टक्के कार्यक्षमतेचा कॉम्प्रेसर धरला, तर ४२ अंशांची हवा दाबून बाहेर पडते तेव्हा तिचे तापमान १७५ अंशांच्या आसपास असते. डिसेंबरच्या पहाटे २० अंशांची हवा घेतली, तर १४४. पंचाहत्तर टक्के उष्णता काढणारा चांगला इंटरकूलर बसवला तरी उन्हाळ्यात सिलिंडरच्या दारात ७५ अंशांची हवा पोहोचते आणि हिवाळ्यात ५१ अंशांची. घनतेत सात टक्क्यांचा फरक पडतोच, आणि नॉकिंगची शक्यता त्याहून कितीतरी वाढते.

कॉम्प्रेसरचा नकाशा, म्हणजे तो किती दाबाला किती हवा देतो याचा आलेख, वाचताना ही गोष्ट हमखास निसटते. मिनिटाला १६ किलो हवा हा आकडा ४२ अंश आणि ९५ किलोपास्कल या स्थितीतला आहे. समुद्रसपाटीच्या १५ अंशांच्या हवेच्या मापात तो १८ किलोच्या जवळ जातो. नकाशा कोणत्या तापमानाला आणि दाबाला आखला आहे, हे कंपन्या नकाशासोबतच देतात, आणि कंपनीगणिक ते वेगळे असते. गॅरेट कंपनीचा जीटी२८६०आरएस हा चटकन जागा होणारा, सर्किटवाल्यांचा आवडता टर्बो. पण त्याची मर्यादा ३६० अश्वशक्तीच्या आसपास आहे आणि माझ्या गरजेला तो नकाशाच्या अगदी उजव्या कडेला, कार्यक्षमता ढासळते तिथे राबला असता. तिथे राबणारा कॉम्प्रेसर हवेपेक्षा उष्णताच अधिक पुरवतो. म्हणून ६७ मिलीमीटर चाकाचा, एक पायरी मोठा, पाण्याने थंड होणारा बॉल बेअरिंगचा टर्बो घेतला. याहून मोठा घेण्याचा आग्रह मित्रांनी केला, तो मी मानला नाही. सर्किटवर वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल दिल्याबरोबर शक्ती हातात यावी लागते. ४५०० ते ७२०० फेऱ्यांमध्ये भरीव शक्ती देणारे इंजिन, टोकाला ४० अश्वशक्ती जास्त देणाऱ्या पण ५५०० पर्यंत झोपलेल्या इंजिनाला प्रत्येक फेरीत मागे टाकते.

इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या आकारावर जेवढा पैसा खर्च होतो, त्याच्या चौथाई लक्षही हवेच्या वाटेवर दिले जात नाही. बंपरमागे मोकळा टांगलेला मोठा कूलर म्हणजे हवेला बाजूने निसटून जाण्याची सोय. समोरच्या तोंडापासून कूलरच्या कडेपर्यंत पत्र्याचा बंदिस्त मार्ग हवा, फटी फोमने बुजवलेल्या हव्यात, आणि मागून गरम हवेला बाहेर पडायला बॉनेटमध्ये जागा हवी. माझ्याकडे हे काम घरगुती कूलर बनवणाऱ्या दुकानातल्या पत्रेवाल्या कारागिराने ॲल्युमिनियमच्या पत्र्यात केले आणि ते मला संपूर्ण गाडीतले सर्वांत किफायतशीर काम वाटते. पाण्यात ग्लायकॉल नाही. शुद्ध पाणी उष्णता अधिक वाहून नेते आणि ट्रॅकवर सांडले तर मागच्या गाडीला घसरवत नाही. इथल्या उंचीवर उघडे पाणी ९८ अंशांना उकळते; १.४ बारचे झाकण लावले, की ती मर्यादा १२५ अंशांपर्यंत सरकते, आणि हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास वाफेचे खिसे होत नाहीत.

तेलाविषयी मात्र जरा विस्ताराने लिहावे लागेल, कारण सर्किटवर मेलेल्या इंजिनांपैकी पुष्कळांचे मरण इथे असते. खाचा नसलेल्या स्लिक टायरवर गाडी १.२ जी ने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १.२ पट जोराने, वळते तेव्हा संपमधल्या (इंजिनाच्या तळाच्या भांड्यातल्या) तेलाचा पृष्ठभाग आडवा राहत नाही. तो ५० अंशांनी कलतो. आडव्या बसवलेल्या इंजिनात हे तेल वळणाच्या वेळी ब्लॉकच्या लांबीच्या दिशेने एका टोकाला चढते आणि ब्रेक लावल्यावर पुढच्या भिंतीकडे धावते. लांब वळणात काही सेकंद तेल उपसणाऱ्या नळीचे तोंड उघडे पडले, की पंप हवा ओढतो, आणि बेअरिंग व क्रँक यांच्यामधला काही मायक्रॉनचा तेलाचा पडदा फाटतो. हे होत असताना वेगही जास्त असतो आणि भारही. चालकाला दाबाचा काटा पाहायला तिथे वेळ नसतो. यावर पहिला उपाय म्हणजे संपमध्ये कप्पे पाडून त्यांना एकाच दिशेने उघडणारी दारे बसवणे, म्हणजे तेल नळीकडे येऊ शकते पण परत जाऊ शकत नाही. दुसरा उपाय दाबाखाली तेल साठवणारी टाकी: दाब पडला की तीतले तेल आपोआप मुख्य वाहिनीत शिरते आणि ते काही सेकंद भरून काढते. तिसरा आणि खरा उपाय ड्राय संप, ज्यात वेगळे पंप खालचे तेल सतत उपसून उंच टाकीत नेतात आणि तिथे हवा वेगळी होऊन शुद्ध तेल इंजिनाला मिळते. तो महाग आहे, त्याच्या पट्ट्याला आणि नळ्यांना जागा लागते. मी पहिले दोन उपाय केले आहेत आणि तिसऱ्यासाठी ब्लॉकच्या बाजूला जागा राखून ठेवली आहे.

तेलाच्या तापमानाबाबत माझे मत ठाम आहे: ८० अंशांच्या खाली इंजिनावर भार टाकू नये आणि १३० अंशांच्या वर गाडी पिटमध्ये आणावी. पिस्टनखालचे जेट पिस्टनला वाचवतात, पण ती उष्णता तेलात येते आणि टर्बोचीही त्यात भर पडते. म्हणून थर्मोस्टॅटसह वेगळा हवेचा तेल-कूलर हवाच, केवळ पाण्याच्या आधाराने चालणारा मूळ कूलर पुरत नाही.

इंधनाबद्दल मराठवाड्यात लिहिताना उसाचा उल्लेख आपसूक येतो. आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून निघणारे इथेनॉल आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळलेले असते. टर्बो इंजिनाला हे मिश्रण मानवते. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, आणि बाष्प होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषून घेते, त्यामुळे सिलिंडरमधला भार थंड होतो. मात्र शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते आणि इथेनॉलला ९. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणून ट्यूनिंग करताना हवा-इंधनाच्या गुणोत्तरापेक्षा लॅम्बडावर (इंधनाला लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा मिळाली, ते सांगणाऱ्या आकड्यावर) काम करावे, आणि इंजेक्टर निवडताना ही आठ टक्क्यांची वाढ धरावी. माझ्या हिशेबाने प्रत्येक इंजेक्टरला मिनिटाला ६०० सीसी ही किमान क्षमता निघते. स्पर्धेत आयोजक ठरवतील तेच इंधन वापरावे लागते, तेव्हा नकाशा त्या इंधनावरच पुन्हा तपासायचा.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर मी थोडक्यात लिहितो. तीस सेंटिमीटरची स्टेनलेसची नळी ८५० अंशांनी तापली, की ती साडेचार मिलीमीटरहून अधिक लांबते. दोन्ही टोके घट्ट बांधलेली असतील, तर ही लांबी वेल्डला फोडते. जाड भिंतीची नळी, सांध्यात सरकायला जागा, आणि टर्बोचे वजन मॅनिफोल्डवर न टाकता वेगळ्या आधाराने ब्लॉकला बांधणे, एवढे केले तर मॅनिफोल्ड टिकतो. वेस्टगेटची, म्हणजे टर्बाइनला वळसा घालून जादा एक्झॉस्ट सोडणाऱ्या झडपेची, नळी चारही प्रवाहांच्या संगमावर आणि वाहत्या दिशेत हवी. काटकोनात चिकटवलेली असेल, तर बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला दाब, ठरवलेल्या मर्यादेच्या वर चढत जातो आणि तो थांबवता येत नाही.

इंजिन आता जोडून झाले आहे आणि पुढचे काम डायनोवर आहे. तिथेही एका झपाट्यातली मोठी धाव मला नको आहे. ठरावीक फेऱ्यांवर इंजिन धरून ठेवायचे, एक्झॉस्टचे तापमान ९०० अंशांच्या खाली स्थिरावते का ते पाहायचे, लॅम्बडा ०.८ च्या आसपास ठेवायचा, आणि आत येणारी हवा ६० अंशांच्या वर गेली, की प्रत्येक टप्प्याला इग्निशन किती मागे घ्यायचे ते कोष्टक भरायचे. इसीयूमध्ये तेलाच्या दाबाचे स्वतंत्र कोष्टक आहे: प्रत्येक वेगाला किमान दाब ठरलेला, ७००० फेऱ्यांना पावणेपाच बार, आणि त्याखाली क्षणभर गेला तरी इंजिन बंद. शर्यत हातातून गेली तरी चालेल, क्रँक वाचली पाहिजे.

मराठवाड्यात सर्किट नाही. शर्यतींचे जुने, कायमचे ट्रॅक चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि कोईम्बतूरला, म्हणजे हजार किलोमीटरच्या पलीकडे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर ५.१२५ किलोमीटरची फेरी आणि एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे, जिथे उष्णतेची खरी परीक्षा होते. पहिल्यांदा गाडी इरुंगट्टुकोट्टईला नेणार आहे. तिथे समुद्रसपाटीची दाट, दमट हवा असेल, म्हणून इथला नकाशा जसाच्या तसा चालेल असे धरून चालणार नाही. पहिले सत्र वेस्टगेटच्या स्प्रिंगच्या दाबावरच, ०.७ बारला, मोजक्या फेऱ्यांचे. त्यानंतर गाडी थंड होण्याआधी तेलाचा फिल्टर काढून कापायचा, त्याची घडी उलगडून उन्हात बेअरिंगचा धातू चमकतो का ते पाहायचे, चारही प्लगचे रंग एकमेकांशेजारी ठेवून तपासायचे, सिलिंडरची गळती मोजायची, आणि प्रत्येक लांब वळणातला तेलाचा दाब लॉगमध्ये वाचायचा. त्या रेषेत कुठे खाच दिसली, तर बूस्ट वाढवण्याचा विषय तिथेच थांबेल आणि राखून ठेवलेल्या जागेत ड्राय संप बसवण्याचे काम आधी हाती घेतले जाईल.